गाठीला शेक नको, तपासणी हवी

गळ्यावर किंवा जबड्याखाली गाठ दिसली की आपल्याकडे आधी शेक सुरू होतो. कोणी मिठाची पुरचुंडी तापवतो, कोणी एरंडाचे पान गरम करून बांधतो, तर कोणी डाग देणाऱ्याकडे नेतो. त्यातच ‘उष्णतेने कॅन्सर बरा होतो’ असे कानावर पडले की या उपायांना अधिकच बळ मिळते. यात खरे किती, हे समजून घेतले पाहिजे.

उष्णतेचा उपचार खरा आहे. त्याला हायपरथर्मिया म्हणतात. यंत्रातील लहरींनी गाठ साधारण ४१ ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सुमारे तासभर तशीच ठेवतात. गाठीच्या ज्या भागात प्राणवायू कमी असतो, तेथे किरणोपचाराचा प्रभाव कमी पडतो. उष्णतेने तेथील रक्तप्रवाह वाढतो आणि किरणांनी झालेली इजा पेशींना भरून काढता येत नाही. म्हणजे उष्णता ही किरणोपचाराची मदतनीस आहे. त्याच्याऐवजी घ्यायचा उपचार नव्हे.

मुंबईच्या नानावटी रुग्णालयातील डॉ. नागराज हुईलगोळ व सहकाऱ्यांनी तोंड-घशाच्या बळावलेल्या कॅन्सरच्या ५६ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के रुग्णांची गाठ पूर्ण विरघळली. जोडीला उष्णता दिलेल्यांत हे प्रमाण ७८ टक्क्यांवर गेले. अभ्यास लहान असला तरी आशादायक आहे.

मग घरचा शेक का चालत नाही? जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर गेला तरी आपले शरीर घाम गाळून आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखते. शेकाचेही तसेच. कातडी भाजते, पण खोलवरच्या गाठीला हवी तेवढी उष्णता मिळत नाही. डाग दिल्याने तर जखम चिघळते. सर्वांत मोठे नुकसान म्हणजे मोलाचे महिने वाया जातात.

आपल्या भागात तंबाखू, गुटखा आणि मिश्री घरोघरी आहे. तोंडातील जखम तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा पडला, गाठ दुखत नसली तरी वाढत असली, तर धुळे वा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी तेथेच करावी.

न दुखणारी गाठ निरुपद्रवी असतेच असे नाही. पुरचुंडी तापवण्याआधी केसपेपर काढावा.