उपदेश नको, दाम द्या

रविवारची मिस्सा संपते. चर्चच्या आवारात माणसे घोळक्याघोळक्याने उभी राहतात. पाऊसपाणी, लग्नकार्ये, मुलांच्या परीक्षा असे विषय निघतात आणि बोलता बोलता कुणीतरी एखाद्याला विचारतो, ‘‘सध्या कुठे असतोस रे?’’ प्रश्न साधाच. पण ज्याची नोकरी सुटून दीड वर्ष लोटले आहे, त्याच्या छातीत तो रुततो. तो कसनुसे हसतो, ‘‘दोन-तीन ठिकाणी बोलणी चालू आहेत’’ असे काहीतरी पुटपुटतो आणि पुढच्या रविवारपासून पहाटेच्या मिस्सेला येऊ लागतो. कारण तिथे गर्दी कमी असते. काही महिन्यांनी तो तिथेही दिसेनासा होतो. मग आपण म्हणतो, त्याची श्रद्धा हल्ली डळमळली आहे. श्रद्धा डळमळलेली नसते. आपल्या प्रश्नाला द्यायला त्याच्यापाशी उत्तर उरलेले नसते.

वसईतील एक गृहस्थ आम्हांला ठाऊक आहेत. कारखाना बंद पडल्यावर सात महिने ते रोज सकाळी डबा घेऊन नेहमीच्या लोकलने निघत आणि नेहमीच्याच लोकलने परतत. मधला दिवस मुंबईतल्या एका बागेतल्या बाकावर जाई. पत्नीला दुसऱ्याच महिन्यात सारे कळले होते. ती काही बोलली नाही. पहाटे उठून डबा भरत राहिली. एवढी लाज त्या घरात कुणी आणून ठेवली? उत्तर कटू असले तरी दिलेच पाहिजे. आपणच.

‘काम करणाऱ्याला काम मिळतेच’ हे वाक्य आपल्याकडे धर्मवचनाच्या थाटात उच्चारले जाते. ते खोटे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही आणि असंख्य कामगारांना गिरणीचा दरवाजा पुन्हा दिसला नाही. तीन पाळ्यांत घाम गाळणारी ती माणसे एका रात्रीत आळशी झाली होती काय? पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील अनेक कारखान्यांची धुराडी थंडावली. मार्च २०२० मधील टाळेबंदीने तर कालपर्यंत पगार घेणाऱ्यांना घरी बसवले. पंचेचाळिशी ओलांडलेल्या फिटरला आज ‘वय जास्त’ म्हणून परत पाठवतात आणि त्याच्या मुलाला ‘अनुभव कमी’ म्हणून. बाप-लेक दोघेही आळशी, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

काहीजण यावर संत पौलाचा दाखला देतात. थेस्सलनीकाकरांस लिहिलेले दुसरे पत्र त्यांनी नीट उघडून पाहावे. पौलाचा रोष काम करण्याची इच्छा नसलेल्यांवर आहे, काम न मिळालेल्यांवर नाही. काम न मिळालेल्यांची गोष्ट मत्तयाच्या विसाव्या अध्यायात आहे. दिवस मावळायला तासभर उरला असताना चौकात उभ्या असलेल्या माणसांना द्राक्षमळ्याचा धनी विचारतो, रिकामे का उभे आहात? आम्हांला कुणी कामावर घेतले नाही, एवढेच ते सांगतात. धनी त्यांचे म्हणणे खरे मानतो. तो प्रवचन देत नाही. काम देतो आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाचा दाम देतो. आपण मात्र या गोष्टीतला प्रश्न तेवढा उचलला आणि दाम विसरलो.

दुसरा उपदेश बायकांच्या वाट्याला येतो: ‘घरबसल्या काहीतरी करा.’ जणू त्या आजवर हात जोडून बसल्या होत्या! राख्या बनवणे, खोट्या दागिन्यांत खडे बसवणे, कपड्यांना टिकल्या लावणे ही कामे घरोघरी चालतात. मजुरी डझनावर. जागा तिची, वीज तिची, डोळे तिचे. माल ‘बिघडला’ हे ठरवणार मात्र कंत्राटदार. वर वर्तमानपत्रांतून आणि आता मोबाइलवरून ‘पेन भरा, महिन्याला हजारो कमवा’ अशा जाहिराती येतात. आधी अनामत भरायची. मग ना माल येतो, ना माणूस भेटतो. काम देणाऱ्याने आधी पैसे मागितले की ते काम नव्हे, जाळे आहे, एवढे तरी आपल्या मुलींना पाठ असावे.

घरात केलेले काम हे कामच असते, हे कायद्यालाही ठाऊक आहे. विडी कामगारांसाठी झालेल्या १९६६ च्या कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईला कामगार मानले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली घरकामगारांविषयी करार केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. सरकारला दोष द्यावा तेवढा थोडाच. पण १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तेव्हा त्या कुणाच्या मान्यतेसाठी थांबल्या नव्हत्या. ‘लिज्जत’ त्यातूनच उभे राहिले. तिथेही बाई घरीच पापड लाटते. फरक एवढाच की कणीक संस्थेकडून येते, विक्री संस्था करते आणि त्या संस्थेची ती स्वतः मालकीण असते. घरबसल्या काम शाप ठरते की आधार, हे या एका गोष्टीवर ठरते.

आता आपल्या धर्मग्रामाकडे वळू. सणाच्या जेवणाचे कंत्राट बाहेरच्या केटररला मिळते. तो सांगेल तो दर आणि अर्धी रक्कम आगाऊ. प्रथम ख्रिस्तप्रसादाचे झगे शहरातल्या दुकानातून येतात. तेच काम शेजारच्या वाडीतील शिवणकाम करणाऱ्या बाईकडे गेले की मात्र आपली भाषा बदलते: ‘आपल्यातलीच आहेस, कमी कर’, ‘घरीच तर असतेस’, ‘देवाचे काम आहे, पैसे कसले मागतेस?’ देवाचे काम आहे म्हणून मंडपवाल्याने भाडे सोडल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही. दान श्रीमंतांनी द्यायचे असते. बेकाराच्या बायकोकडून ते वसूल करायचे नसते.

‘चर्च म्हणजे काही रोजगार कार्यालय नव्हे’ असे कुणी म्हणेल. मान्य. पण पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये श्रमाविषयी परिपत्र काढले, त्यात ‘अप्रत्यक्ष मालक’ ही कल्पना मांडली आहे. कामाच्या अटी ज्यांच्या वागण्याने ठरतात, ते सारे त्या कामाला जबाबदार असतात. खरेदी करणारा प्रत्येक धर्मग्राम असा अप्रत्यक्ष मालक आहे. १९१८ साली वसईतील कॅथॉलिकांनी सहकारी पतपेढी उभारली. आज ती मोठी बँक आहे. त्या पिढीनेही ‘हे चर्चचे काम नव्हे’ असे म्हटले असते तर?

आमचे मागणे मोठे नाही. धर्मग्रामाच्या कार्यालयात एक वही ठेवावी. कुणाला कोणते काम येते आणि कुणाला काम करून हवे आहे, हे तीत लिहावे. सणासुदीची खरेदी आधी या वहीतून व्हावी, पूर्ण दराने आणि आठवड्याच्या आत रोख. भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज जाणणाऱ्या निवृत्त मंडळींनी महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगारांसाठी २०१८ साली बेकारी भत्त्याची योजना निघाली. तिचे नाव तरी किती घरांनी ऐकले आहे? आणि बेकार बांधवांना एकच सांगणे: पहिल्याच दिवशी घरी सांगा. पत्नीच्या उद्योगाला हात लावण्यात कमीपणा मानू नका.

डबा घेऊन बागेत बसणाऱ्या त्या गृहस्थांनी हे केले. आज त्यांची पत्नी वीस माणसांचे डबे करते आणि ते सायकलवरून पोहोचवतात. संसार कसाबसा चालतो. परवा त्यांनी आम्हांला उधारीची वही दाखवली. तीन-तीन महिन्यांचे पैसे थकलेले होते. नावे वाचून आम्ही खाली पाहिले. सगळी आपल्याच धर्मग्रामातील होती, आणि त्यांत एक आमचेही होते.

आमचे आम्ही त्याच संध्याकाळी चुकते केले. येत्या रविवारी चर्चच्या आवारात ते भेटतील, तेव्हा ‘सध्या कुठे असता?’ असे कृपया विचारू नका. ‘माझे किती झाले?’ असे विचारा, आणि खिशात हात घाला.