दाद न देणाऱ्या पेशी

कर्करोगाचा रुग्ण असलेल्या घरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. 'औषध इतके छान लागू पडत होते, मग मध्येच झाले काय?' पहिले काही महिने सारे सुरळीत असते. गाठ निम्म्यावर आलेली असते, अन्नावरची वासना परतलेली असते, भेटायला येणारी माणसे 'चेहऱ्यावर तेज आले हो' असे म्हणू लागतात. आणि मग एका तपासणीत तीच गाठ पुन्हा डोके वर काढते. लगेच घरात अपराध्याचा शोध सुरू होतो. औषध बनावट तर नव्हते? डॉक्टरांचे मात्रेचे गणित चुकले का? गावी लग्नाला नेले तेव्हा पथ्य मोडले, त्याचा तर हा परिणाम नसेल? कुणी सुनेकडे बोट दाखवतो, कुणी मुलाकडे, आणि रुग्ण बिचारा स्वतःकडे.

बहुतेक वेळा यांपैकी कुणीच अपराधी नसते. ज्या पेशींवर औषध चालणार नव्हते, त्यांतल्या काही पेशी उपचाराच्या पहिल्या दिवशीही गाठीत हजर असतात. कर्करोगात आज होणाऱ्या मृत्यूंचा मोठा वाटा औषधाला दाद देईनाशा झालेल्या रोगाचा आहे. म्हणून गेल्या काही वर्षांत संशोधकांचा भर केवळ नवे औषध शोधण्यावर राहिलेला नाही; हाती असलेली औषधे कोणत्या क्रमाने, कशाच्या जोडीने आणि किती द्यावीत, याचाही शोध चालू आहे. सामान्य कुटुंबाने हे समजून घेण्याजोगे आहे. कारण घराघरांत अकारण वाटून घेतला जाणारा दोष त्यामुळे थोडा तरी हलका होईल.

प्रश्न जुनाच आहे. १९४७च्या अखेरीस बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने मरणपंथाला लागलेल्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले. हे औषध ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झाले तेथील संशोधनाची सूत्रे यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातून गेलेल्या शास्त्रज्ञाकडे होती. सोळापैकी दहा मुलांना गुण आला. आजवर कधी न घडलेली गोष्ट घडली, मुले उठून खेळू लागली. पण काही महिन्यांतच रोग उलटला आणि त्याच औषधाला जुमानेनासा झाला. आजच्या घरांतला तो प्रश्न त्या वेळी बोस्टनमधल्या आईबापांनीही विचारला असेल.

त्याचे उत्तर खरे तर काही वर्षे आधीच, जिवाणूंवरच्या एका प्रयोगात मिळाले होते. १९४३ साली साल्वाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी दाखवून दिले की, विषाणूच्या हल्ल्याला न जुमानणारे जिवाणू हल्ल्यामुळे तयार होत नाहीत. ते हल्ल्याच्या आधीपासूनच वसाहतीत तुरळक असतात. हल्ला झाला की बाकीचे मरतात आणि या तुरळकांना सारे रान मोकळे मिळते. १९७६ मध्ये पीटर नोवेल यांनी हाच विचार कर्करोगाला लावला. एक घन सेंटिमीटरच्या गाठीत सुमारे शंभर कोटी पेशी असाव्यात असा सर्वसाधारण अंदाज आहे. शंभर कोटींची वस्ती म्हणजे जवळजवळ एक देशच. त्या देशात सगळे एकसारखे कसे असतील? आपण 'गाठ' असा एकवचनी शब्द वापरतो, तिथेच आपली समजूत फसते.

विज्ञानाने या वस्तीची चुणूक सर्वांत नाट्यमय रीतीने पाहिली ती २००१ मध्ये. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेत इमॅटिनिब, म्हणजे ग्लिव्हेक, या गोळीला मान्यता मिळाली. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग ज्या एका बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, नेमके तेच प्रथिन ही गोळी बंद पाडते. 'टाइम' साप्ताहिकाने या गोळ्या मुखपृष्ठावर झळकावल्या, जणू त्या बंदुकीच्याच गोळ्या आहेत. पण त्याच वर्षी चार्ल्स सॉयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, रोग पुढच्या अवस्थेत गेलेल्या आणि गोळीला दाद देईनाशा झालेल्या रुग्णांच्या पेशी तपासल्या, तेव्हा अनेकांत एकच बदल आढळला. प्रथिनाच्या साखळीतल्या ३१५व्या जागेवरचा एक मणी बदलला होता. कुलपातला एक खटका बदलावा आणि किल्ली आत जाऊ नये, तसा प्रकार.

त्यावर पहिला मार्ग निघाला तो नव्या किल्ल्या घडवण्याचा. २००६ आणि २००७ मध्ये दोन नव्या गोळ्या आल्या, पण ३१५व्या जागेपुढे त्यांचेही काही चालेना. २०१२ मध्ये पोनॅटिनिब आले, त्या बदललेल्या खटक्याला वळसा घालून आत शिरणारे. २०२१ मध्ये आलेल्या ॲसिमिनिबने तर पुढचे कुलूप सोडून प्रथिनाच्या मागल्या दाराने प्रवेश केला. या रोगाचे बहुसंख्य रुग्ण आज औषध घेत दीर्घकाळ चांगले आयुष्य जगतात. अर्थात त्यासाठी गोळी परवडली पाहिजे. भारतात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेकच्या पेटंटची मागणी फेटाळली, म्हणून महिना सुमारे सव्वा लाखाची गोळी देशी कंपन्यांच्या रूपात आठ-दहा हजारांत मिळत राहिली. हा मुद्दा निव्वळ पैशाचा नाही. गोळ्यांमध्ये वारंवार खंड पडला, तर या रोगावरची पकड सैल होते हे सिद्ध झालेले आहे. न परवडणारे औषध हे अशा रीतीने रोगाच्याच पथ्यावर पडते.

दुसरा मार्ग आहे एकाच वेळी अनेक बाजूंनी घेरण्याचा. क्षयरोगाच्या औषधांची पाकिटे ज्यांनी घरात पाहिली आहेत, त्यांना हे चटकन समजेल. एका औषधातून निसटणारा जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडावा, म्हणून ती औषधे एकत्र देतात. १९६२ मध्ये अमेरिकेत फ्राय आणि फ्रायराइख या डॉक्टरांनी हाच हिशेब मांडून रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना चार औषधे एकदम दिली. पुष्कळांना तो अघोरीपणा वाटला. पण त्याच वाटेने पुढे जात आज प्रगत देशांत या रोगाची दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात.

हीच कल्पना मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी फुप्फुसाच्या कर्करोगात पडताळून पाहिली. एका विशिष्ट जनुकबदलाच्या रुग्णांना गेफिटिनिब ही गोळी उत्तम लागू पडते, पण साधारण वर्षाच्या आतबाहेर रोग निसटतो. टाटामधील चाचणीत ३५० रुग्णांपैकी निम्म्यांना नुसती गोळी आणि निम्म्यांना गोळीबरोबर सुरुवातीपासून केमोथेरपी देण्यात आली. नुसत्या गोळीने रोग मध्यकाने आठ महिने आवाक्यात राहिला, जोडीने सोळा महिने. अशा आकड्यांच्या दुसऱ्या बाजूकडेही पाहिले पाहिजे: गंभीर दुष्परिणाम नुसत्या गोळीच्या गटात पाव रुग्णांना झाले, जोडीच्या गटात निम्म्यांना. पुढे ओसिमर्टिनिब या नव्या आणि फार महाग गोळीबाबतही हेच घडले. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांनुसार, नुसत्या गोळीवरच्या रुग्णांचे मध्यक आयुष्य ३७.६ महिने, तर गोळी आणि केमोथेरपी मिळालेल्यांचे ४७.५ महिने भरले. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्या रेषेच्या अलीकडे आणि निम्मे पलीकडे. आपला माणूस नेमका कुठे असेल, ते हा आकडा सांगत नाही. या गोळीवरचे सीमाशुल्क आपल्या सरकारने २०२४ मध्ये माफ केले, तरी मध्यमवर्गीय घराला ती आजही सहज पेलणारी नाही. म्हणूनच स्वस्त औषधांच्या जोडीवर झालेला मुंबईचा प्रयोग आपल्याकरता मोलाचा आहे.

तिसरा मार्ग रोगाची पावले आधीच ओळखण्याचा. गाठीतून सुटलेले जनुकद्रव्याचे सूक्ष्म तुकडे रक्तात फिरत असतात. साध्या रक्ततपासणीतून ते टिपले, तर स्कॅनवर गाठ वाढलेली दिसण्याच्या कितीतरी आधी दाद न देणाऱ्या पेशींची चाहूल लागते. स्तनाच्या कर्करोगात २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत अशी चाहूल लागताच औषध बदलले गेले. रोग सोळा महिने थोपवला गेला, जुनेच औषध चालू ठेवलेल्यांमध्ये नऊ. तरीही जाणत्या डॉक्टरांनी शंका काढली: औषध आधी बदलल्याने बाई अधिक काळ जगते, की तीच दोन औषधे नुसती मागेपुढे होतात? शंका रास्त आहे. आम्ही बँकेत हप्ता चुकण्याच्या आधीच खाते आजारी पडल्याची लक्षणे शोधत असू. पण लक्षण लवकर दिसणे आणि खाते वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कर्जविभागात काम केलेला कुणीही सांगेल. चाहूल लागल्यावर करण्याजोगे काही हाती असेल, तरच त्या चाहुलीचा उपयोग.

चौथा मार्ग सर्वांत चकित करणारा आहे आणि त्याचे मूळ शेतात आहे. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या मॉफिट कॅन्सर सेंटरमधील डॉ. रॉबर्ट गेटनबी यांनी २००९ मध्ये कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा दाखला दिला. हा पतंग एकामागून एक कीटकनाशके पचवून बसला आहे. शेतकरी आता कीड समूळ मारण्याऐवजी आटोक्यात ठेवतात, मग कर्करोगात सतत अधिकाधिक मात्रेचा आग्रह का, असा त्यांचा सवाल होता. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना हा सवाल नवा वाटणार नाही. बीटी कपाशीच्या पिशवीबरोबर बिगरबीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी मिळत असे, ती कडेने लावायची असे. बीटीला दाद देणाऱ्या अळ्या तिथे जगाव्यात आणि त्यांच्याशी संकर होऊन चिवट अळ्यांचा वंश फोफावू नये, हा हेतू. बहुतेकांनी ती पुडी लावलीच नाही आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कपाशीची काय दशा केली, ते सर्वांनी पाहिले.

गाठीत संकर नसतो, तिथे स्पर्धा असते. औषधाला दाद न देण्याचा चिवटपणा पेशीला पुष्कळदा फुकट मिळत नाही, त्यासाठी तिची शक्ती खर्च होते. औषध नसताना साध्या पेशी तिला जागा आणि अन्न मिळू देत नाहीत. सगळ्या साध्या पेशी मारून टाकल्या, की आपणच चिवट पेशींचे प्रतिस्पर्धी दूर करतो. गेटनबी यांच्या चमूने प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगात एक नियम ठरवला: रक्तातला पीएसए हा निदर्शक निम्म्यावर आला की औषध थांबवायचे, मूळ पातळीवर परतला की पुन्हा सुरू करायचे. २०२२ मध्ये त्यांनी दिलेल्या हिशेबानुसार, असे उपचार घेतलेल्या १७ रुग्णांत रोग बळावायला मध्यकाने ३३.५ महिने लागले, नेहमीचे उपचार घेतलेल्या १६ जणांत १४.३ महिने. औषधही कमी लागले. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण रुग्ण मोजके होते आणि त्यांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. म्हणून ही अजून परीक्षेला बसलेली कल्पना आहे, मान्यताप्राप्त उपचार नव्हे. कुणी हे वाचून उद्यापासून वडिलांच्या गोळ्या दिवसाआड करू लागेल, तर घोर अनर्थ होईल. औषध थांबवणे आणि औषध चुकवणे यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्यामागे दर महिन्याची तपासणी आणि डॉक्टरांचा हिशेब असतो.

यापलीकडेही कोडी आहेत. २०१० मध्ये बोस्टनच्या संशोधकांना असे आढळले की, काही थोड्या पेशी जनुकात कोणताही बदल न करता, वाढ जवळजवळ थांबवून निजल्यासारख्या पडून राहतात. औषध वाढत्या पेशीला मारते. निजलेली वाचते आणि संकट टळले की जागी होते. झोपेत त्या कशावर तगतात, हे शोधून तीच रसद तोडण्याचे प्रयत्न प्रयोगशाळांतून चालू आहेत.

आपल्यासाठी या सगळ्याचा अर्थ काय? पहिला असा की, औषध चालेनासे झाले म्हणून कुणाची चौकशी घरात भरवू नये. दुसरा असा की, रोग उलटला तर 'आता काही राहिले नाही' असे स्वतःच ठरवू नये. गाठीचा किंवा रक्ताचा नमुना पुन्हा तपासता येईल का, कोणता बदल झाला आहे, त्यावर औषध आहे का, ते परवडेल अशा रूपात मिळते का, एखाद्या चाचणीत नाव घालता येईल का, हे प्रश्न डॉक्टरांना विचारावेत. खर्च झेपत नसेल तर गोळ्या गुपचूप अर्ध्या करण्यापेक्षा तसे सांगावे. चांगल्या रुग्णालयात त्यासाठी समाजसेवा विभाग असतो. तिसरा अर्थ आपल्या भाषेविषयी आहे. 'बरा झाला की नाही?' एवढा एकच प्रश्न आपण विचारत आलो. मधुमेह आणि रक्तदाब यांच्याबरोबर नांदायला आपली घरे शिकली आहेत. काही कर्करोगांबाबत, सगळ्यांच्या नव्हे, तोच धडा आता गिरवावा लागेल. समूळ उच्चाटन जिथे शक्य आहे तिथे त्यासाठीच झटावे. जिथे नाही तिथे रोगाला वर्षानुवर्षे आटोक्यात ठेवणे ही हार समजू नये. त्या वर्षांत नातवाची मुंज होते, मुलीचे लग्न होते, अंगणातल्या आंब्याला पहिला मोहोर येतो. ज्यांच्या वाट्याला ती वर्षे आली आहेत, त्यांना त्यांचे मोल कुणी सांगावे लागत नाही.