हस्ताक्षरी टंकाचा मुलूख

हाताने लिहिल्यासारखे दिसणारे छापील अक्षर, म्हणजेच हस्ताक्षरी टंक (फॉन्ट), ही वस्तू आता इतकी सुलभ झाली आहे की, आमच्या चिचगडसारख्या आडबाजूच्या गावातही लग्नपत्रिका, वाढदिवसाचा फ्लेक्स, किराणा दुकानाची पाटी किंवा ग्रामसभेची सूचना, यांपैकी काहीही तिच्या तावडीतून सुटलेले नाही. त्या अक्षरांविषयी माझ्या मनात आकस नाही. त्यांचा अंमल कोठवर चालावा, एवढाच माझा वाद आहे.

मराठीला धावत्या अक्षराचे वावडे कधीच नव्हते. कित्येक शतके मोडी हीच आमच्या दप्तराची लिपी होती. हेमाडपंताने ती प्रचारात आणली ही आख्यायिका खरी मानावी की न मानावी हा प्रश्न बाजूस ठेविला, तरी कारकुनाने आधी कागदभर शिरोरेघा ओढून घ्याव्यात, मग बोरू होईल तितका न उचलता त्यांच्या आधाराने अक्षरे गुंफीत जावे, ऱ्हस्वदीर्घाची पर्वा करू नये आणि विरामचिन्हांच्या भानगडीत पडू नये, ही तिची सारी रीत कामाच्या निकडीतून जन्मली होती, यात शंका नाही. त्या निकडीतही चिटणिशी, बिवलकरी, महादजीपंती, रानडी अशी नामांकित वळणे उपजली, हे त्या लेखकांच्या हातांचे वैभव. आमचा हा भंडाऱ्याकडचा मुलूख ज्या नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, त्यांचेही कागद मोडीतच आहेत; आणि ते वाचणारा बहुधा दुसरा कारकूनच असल्यामुळे लिहिणाऱ्याची घाई वाचणाऱ्याला जाचत नसे.

छापखाना आल्यावर मात्र वाचक बदलला. विल्यम कॅरेने बंगालमधील श्रीरामपुरास १८१० साली आपला मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला खरा. परंतु खिळा जुळविताना बोरूची गती उपयोगी पडत नाही आणि वाचणाऱ्याचा त्रास मात्र तसाच राहतो, म्हणून मुद्रणाने अखेर बाळबोधच, म्हणजे देवनागरीच, पत्करली, हे माझ्या मते रास्तच झाले. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले, ही आनंदाची वार्ता खरी. तथापि जुने कागद वाचणारे तयार व्हावेत म्हणून पुराभिलेख संचालनालयाला मोडीचे वर्ग चालवावे लागतातच.

संगणकावरील हस्ताक्षरी टंकाला तर घाई करण्याचे कारणच उरलेले नाही. त्याचा तिरकेपणा, त्याच्या वेलांट्यांचे झोके हे केवळ भाव उत्पन्न करण्यासाठी असतात. भाव हवा असेल तेथे ते अवश्य असावेत. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हा देवनागरी टंक पाहावा : अक्षरे किंचित कललेली, लेखणीच्या ओढीची आठवण देणारी, पण वाचकाला अडविणारी नव्हेत. उलट, कित्येक स्वस्त टंकांत एकाच ओळीत चार वेळा आलेला ‘क’ शेपटीच्या टोकापर्यंत तंतोतंत सारखाच असतो. खऱ्या हातातून असे कधी उतरत नाही, आणि मग हस्ताक्षराचे ते सोंग पहिल्याच ओळीत उघडे पडते. कमल शेडगे यांनी नाटकांच्या शीर्षकांसाठी अक्षरे रेखाटली, ती त्या त्या नाटकाच्या नावापुरती, त्याची प्रकृती ओळखून. तीच अक्षरे उद्या कोणी खताच्या जाहिरातीला जुंपली, तर त्यांचा प्राणच जाईल.

याहून गंभीर गोष्ट वाचनीयतेची. आपल्या लिपीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतील भेद एका लहानशा गाठीवर आणि शिरोरेघेच्या तुटीवर अवलंबून आहे. टंककाराने डौलासाठी शिरोरेघाच काढून टाकली की तुटीची खूण गेली, आणि गाठही घाईत ओढल्यासारखी पुसट केली की ‘घन’ आणि ‘धन’ एकाच मापाचे झाले. आकड्यांत तर ‘१’ आणि ‘९’ यांची गफलत ठरलेलीच. पत्रिकेतील मुहूर्ताची तारीख चुकली, तर पाहुणा फोन करून विचारील; ग्रामसभेच्या सूचनेतील तारीख चुकली, तर ज्याला फोन करावयाचा तो नोकरदार त्या दिवशी जागेवर असेलच असे नाही.

एकेकाळची जमीनदारी असलेल्या या जंगलपट्टीत कागदाचे मोल आम्हांला चांगले ठाऊक आहे. वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक या गावहक्कांच्या जुन्या दप्तरांतल्या नोंदींवर सरपण, चराई, पाण्याच्या वाटा यांचे हक्क सांगितले जातात. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील सामूहिक दाव्यांना अशाच जुन्या नोंदींचा आधार शोधावा लागतो, आणि तेथे एक अक्षर लागले नाही तर अख्खी नोंद वादात पडते. जुन्या लेखकाला हातानेच लिहावे लागत होते, त्याला दोष कोण देणार? ज्याच्यापुढे स्वच्छ टंकांची रांग उभी आहे, त्याने मुद्दाम गिचमिड पसंत करावी, हे मात्र अनाकलनीय आहे. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठी रूपे प्रमाण ठरविली. सरकारी सूचनेचा टंक निवडताना कार्यालयांनी निदान तेवढे तरी पाहावे.

वधूवरांची नावे, दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ, एखाद्या कवितासंग्रहाचे शीर्षक, मित्राला धाडलेल्या शुभेच्छा, येथे हस्ताक्षरी टंकाने खुशाल मिरवावे. मात्र फ्लेक्स छापणाऱ्याने आणि पंचायतीच्या संगणकचालकाने तारीख, वेळ, स्थळ, गट क्रमांक आणि रक्कम यांसाठी शिरोरेघेचे सरळ उभे बाळबोध अक्षरच योजावे, आणि गिऱ्हाइकाने ‘ते जरा फॅन्सी करा’ असा आग्रह धरला, तरी त्या पाच गोष्टींपुरता तो नाकारावा.