यकृतातले पहारेकरी आणि वाढते वण

कावीळ झाली की आपल्या घराघरांत यकृताची आठवण होते. उसाचा रस येतो, तेल-तूप बंद होते, कुणीतरी कुठल्याशा गावच्या हमखास औषधाचा पत्ता देते. डोळ्यांचा पिवळेपणा ओसरला की यकृत पुन्हा विस्मृतीत जाते. परंतु जे विकार यकृत हळूहळू निकामी करतात, ते बहुधा वर्षानुवर्षे पिवळेपणा न दाखवताच आपले काम करीत असतात. हिपॅटायटिस ‘बी’ व ‘सी’, मद्य आणि मधुमेह-स्थूलतेबरोबर येणारे ‘फॅटी लिव्हर’ ही त्यांतली प्रमुख नावे. वाटा निरनिराळ्या, मुक्काम एकच. वणांनी जखडलेले यकृत, म्हणजेच सिरॉसिस.

नवल असे की, हे वण विषाणू किंवा चरबी स्वत: पाडत नाही. ते शरीरच पाडते. आतड्याकडून येणाऱ्या रक्तातले जंतू आणि कचरा गिळण्यासाठी यकृतात भक्षक पेशींचा कायमचा पहारा असतो. कुप्फर या शास्त्रज्ञाचे नाव त्यांना मिळाले आहे. वस्तुत: कुप्फर यांनी १८७६ साली पाहिल्या त्या पेशी वेगळ्याच होत्या; चांदणीच्या आकाराच्या, ‘अ’ जीवनसत्त्व साठवणाऱ्या. हा घोळ जपानच्या केन्जिरो वाके यांनी १९७१ साली निस्तरला. घोळातल्या या दोन्ही पेशी वणाच्या कथेतही जोडीनेच येतात. यकृताच्या पेशी मरू लागल्या की पहारेकरी रासायनिक हाक देतात. रक्तातून आणखी भक्षक पेशी धावून येतात. आणि चांदणी-पेशी आपला जीवनसत्त्वाचा साठा टाकून कोलॅजेनचे दोर वळू लागतात. जखम एकदाच झाली तर ही डागडुजी उपकारकच. जखम रोजची असेल तर डागडुजीच रोग होऊन बसते.

मग या पहारेकऱ्यांनाच हटवले तर? एडिंबरोच्या संशोधकांनी २००५ साली उंदरांवर हे करून पाहिले. जखम चालू असताना भक्षक पेशी काढल्या, तेव्हा वण कमी पडले. जखम थांबल्यावर काढल्या, तेव्हा मात्र पडलेले वण विरघळेनासे झाले! म्हणजे वण वाढवणारे आणि वण साफ करणारे हात एकाच कुळातले. या पेशी सरसकट दाबून टाकणारे औषध शोधणाऱ्यांना हा चांगलाच इशारा होता. पुढे २०१९ साली तिथल्याच संशोधकांनी सिरॉसिसच्या रुग्णांच्या यकृतातल्या पेशी एकेक करून तपासल्या, तेव्हा वणांभोवती भक्षक पेशींचा एक निराळाच वर्ग आढळला. त्याच वर्षी नऊ रुग्णांना त्यांच्याच रक्तापासून वाढवलेल्या भक्षक पेशी परत टोचल्याचा अहवाल आला. ती सुरक्षिततेची परीक्षा होती. तिला उपचार म्हणणे घाईचे ठरेल.

मात्र रोग्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा पुरावा याहून साधा आहे. जखम थांबवली, की हेच पहारेकरी सफाईला लागतात. टेनोफोव्हिर या गोळीने हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू पाच वर्षे दाबून ठेवलेल्या रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात आरंभी सिरॉसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांच्या यकृतात पाच वर्षांनी सिरॉसिस उरले नव्हते. ‘एकदा सिरॉसिस म्हणजे संपलेच’ हे आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो, ते सर्वांच्या बाबतीत खरे नाही. अर्थात पोटात पाणी साठेपर्यंत थांबलेल्यांना ही आशा तितक्या सहज देता येत नाही.

आणि आपल्याकडे थांबणारेच फार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे २.९८ कोटी लोकांच्या शरीरात हिपॅटायटिस ‘बी’ मुक्कामाला होता. त्यांतील बहुतेकांना त्याचा पत्ताच नाही. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत देण्याची तरतूद आहे. फॅटी लिव्हरलाही केंद्र सरकारने २०२१ साली असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात जागा दिली. कागदावर व्यवस्था बरी आहे. माणूस तिच्यापर्यंत पोचतो कुठे? सोनोग्राफीच्या अहवालात ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असे वाचून ‘हे सगळ्यांनाच असते’ म्हणत कागद घडी होऊन कपाटात जातो. चरबी किती, यापेक्षा वण किती, हा खरा प्रश्न तिथे कुणी विचारतच नाही. त्याचा पहिला अंदाज रुग्णाचे वय, यकृताची दोन एन्झाइमे आणि प्लेटलेटची संख्या यांवरून मांडता येतो, आणि हे आकडे पुष्कळदा त्याच कपाटातल्या दुसऱ्या कागदावर असतात.