उतराई

वाचकहो, आभारप्रदर्शन हा कार्यक्रमाचा शेवटचा आणि श्रोत्यांनी सतरंजीवरून उठून चपला शोधण्याचा भाग असतो, हे आम्ही तीस वर्षांच्या मास्तरकीत पुरते ओळखून आहोत. शाळेचे स्नेहसंमेलन असो वा कुणा साहेबांचा निरोपसमारंभ, हे काम बहुधा आमच्याच गळ्यात पडते. मराठी विषयाचे एम.ए. ना! आमचे एक ठरलेले वाक्य आहे : ‘औपचारिक आभार मानून आम्ही आपल्या ऋणातून मुक्त होऊ इच्छित नाही, आम्ही आपल्या ऋणातच राहू इच्छितो.’ वाक्याला टाळी हमखास पडते. या वाक्यात केवढी सोय दडलेली आहे, हे मात्र आम्हांस अगदी अलीकडे उमगले. ज्याला फेडायचेच नाही त्याने ऋणात राहण्याची इच्छा प्रकट करावी, यासारखी सुखाची गोष्ट नाही!

झाले ते असे. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास दूरध्वनी वाजला. आमचा एक जुना विद्यार्थी न्यू जर्सीहून बोलत होता. तिकडे अद्याप गुरुवारची रात्र होती आणि घरोघरी थँक्सगिव्हिंगची जेवणे चालली होती. “सर, इथे जेवायला बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपण ज्याचे ऋणी आहोत अशा एका माणसाचे नाव घ्यायचे असते. मी तुमचे घेतले. सातवीला तुम्ही माझे परीक्षेचे शुल्क भरले होते.” आम्ही क्षणभर गप्प राहिलो. कारण ते शुल्क आम्ही भरलेच नव्हते. ते आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी आपल्या खिशातून काढून दिले होते. आम्ही केवळ ते कार्यालयात नेऊन पावती आणली होती. ते सद्गृहस्थ आता हयात नाहीत. परंतु इतक्या दुरून आलेले ते कौतुक इतके गोड लागले की आम्ही खरे ते सांगितले नाही. या सदरातून आज सांगत आहोत. हा अंक त्याच्याही घरी जातो.

फोन ठेवताना त्याने विचारले, “सर, आपल्याकडे असा सण कोणता?” पोळा, बेंदूर, दसरा अशी नावे आम्ही घेतली खरी, पण समाधान झाले नाही, आणि हा प्रश्न पुढे महिनाभर आमच्या मागे लागला.

त्यांच्या सणाविषयी जे वाचले ते थोडक्यात सांगतो. १६२१ साली प्लिमथ येथे वस्ती करून राहिलेल्या इंग्रजांनी पहिले पीक हाती आल्यावर जेवणावळ केली, आणि तिथले मूळचे रहिवासी वाम्पानोआग हेही त्या भोजनात होते. पुढे १८६३ मध्ये, देशात यादवी पेटलेली असताना, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी आभाराचा राष्ट्रीय दिवस पाळण्याची घोषणा केली. आणि १९४१ मध्ये कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायम झाला. तथापि १९७० पासून त्या मूळ रहिवाशांचे काही वंशज त्याच दिवशी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. ज्यांच्या आधाराने पहिली वर्षे निभावली त्यांच्याच जमिनी पुढे गेल्या, हे त्यांचे म्हणणे. ताटावर बसून देवाचे आभार मानणे सोपे. ज्याच्या घासातून आपला घास आला त्याच्याकडे मान वर करून पाहणे अवघड. हे वाचताना आम्हांस चुळबुळ वाटू लागली. तिचे कारण पुढे येईल.

आपल्या भाषेची गंमत पाहा. ‘आभार’ या शब्दातच भार आहे. ‘उपकार’ म्हटले की मान खाली जाते. शास्त्राने तर माणूस देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच जन्माला येतो, असे सांगून ठेवले. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत ‘उपकारस्तुती’ असा सुंदर शब्द रूढ आहे. पण आम्हांस सर्वांत आवडतो तो संतांच्या तोंडचा ‘उतराई’. त्यात डोक्यावरचे ओझे खाली उतरवण्याची क्रिया आहे. तोंडाने बोलून ते उतरत नाही, वाकावे लागते. आणि घरच्या माणसांशी तर आपण यांपैकी एकही शब्द बोलत नाही. आईला ‘धन्यवाद’ म्हणणारा मुलगा आमच्या पिढीत वेड्यात निघाला असता. पु. ल. देशपांड्यांनी बेळगावच्या रावसाहेबांवर लिहिले त्यात प्रेम ओतप्रोत आहे, पण त्या कानडी वळणाच्या मराठीतल्या शिव्यांतून ते व्यक्त होते! हा आमच्या सीमाभागाचा स्वभाव. माया करावी, पण तिचा उच्चार करू नये. आम्ही या स्वभावाचा आजवर अभिमान बाळगीत आलो.

आता आमच्या आक्काविषयी.

आमचे बालपण निपाणीत गेले. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते; ते लवकर गेले. घरात आई, आक्का आणि आम्ही. आक्का आमच्याहून पाच वर्षांनी मोठी. चौथी झाली आणि तिची शाळा सुटली. सुटली म्हणजे काय, आईच्या शेजारी मांडीवर सूप घेऊन ती बिड्या वळायला बसली. रात्री तेंदूची पाने भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचा फरमा ठेवून कात्रीने ती मापात कापायची, चिमूटभर जर्दा घालून वळायचे, तोंड मुडपायचे, दोरा आवळायचा. मजुरी हजारावर. दोघी मिळून हजाराचा आकडा गाठीत, आणि संध्याकाळी माल मोजून देताना त्यातल्या काही छाटात जात. त्यांचे पैसे नाहीत, जर्दाही गेला. आम्ही कंदिलाजवळ पाढे म्हणत बसलेलो असू. आक्काचे ओठ आमच्याबरोबर हलत. पंचविसाचा पाढा तिला आमच्याआधी पाठ झाला, कारण कट्टा पंचवीस बिड्यांचा असे. घरात कायम तंबाखूची खकाणा असे, आणि ती खोकत असे, एवढेही आठवते.

१९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी निपाणीत पुणे-बंगळूर हमरस्ता अडवला, तेव्हा आम्ही माध्यमिक शाळेत होतो. गोळीबार झाला त्या दिवशी आईने दाराला आतून कडी घातली होती. अंधाऱ्या खोलीत दोघी बिड्या वळीतच होत्या. पोटाला आंदोलन कळत नाही. पुढे आम्ही अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात गेलो. आमच्या मुलखाचा हा एक चमत्कार आहे : निपाणीची पोरे पायी चालत जाऊन परराज्यात पदवी घेतात, कारण ते महाविद्यालय कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येते. त्या वर्षी आक्काचे लग्न होऊन ती चिकोडीच्या पूर्वेकडील एका खेड्यात, कानडी बोलणाऱ्या घरी गेली होती. तरी आमच्या पुस्तकांचे पैसे तिकडूनच येत. दाजी भला माणूस. मुळात त्यांना मराठी येत नव्हते आणि आम्हांस कानडी. १ नोव्हेंबर १९५६ पासून चाललेल्या वादाविषयी आम्ही दोघांनी आजवर एक अक्षर काढलेले नाही. सरकारी नोकर म्हणून येथेही काढत नाही.

१९९९ साली आई गेली. निपाणीचे दोन खोल्यांचे घर तिच्या नावावर होते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आईच्या मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच. हे आम्हांस ठाऊक होते. आक्काला ठाऊक होते की नाही, ते आम्ही विचारले नाही. चार वडीलधाऱ्यांनी रिवाज सांगितला आणि आक्काने हक्कसोडपत्रावर चौथीच्या बाळबोध अक्षरात सही केली. बाहेर पडल्यावर आम्ही तिला एक इरकल लुगडे घेतले. तिने ते छातीशी धरले, आणि आम्ही मनाशी म्हटले, बहीण असावी तर अशी. त्यानंतर आम्ही भाऊबीज एकदाही चुकवली नाही. ऋणातच राहिलो.

गेल्या मार्गशीर्षातली अमावास्या ३० डिसेंबर २०२४ रोजी, सोमवारी आली. आमच्या उत्तर कर्नाटकात हिला येळ्ळ अमावास्या म्हणतात. लातूर-धाराशिवकडची येळवस ती हीच. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. कोणी ते नाव ‘एळु’ म्हणजे सात यावरूनही लावतात. पण त्या दिवशीच्या बाजरीच्या भाकरीवर दाटून लावलेले तीळ पाहिले की आमचे मत पहिल्या पक्षाला पडते. त्या दिवशी घर रिकामे असते. सगळे कुटुंब टोपल्या घेऊन शेतात जाते. तिळाच्या भाकऱ्या, शेंगापोळ्या, अंबाडीची भाजी, मटकीची उसळ, कडबू, चटण्या. शाळूच्या कडेला पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणून पुजतात. मग प्रत्येक पदार्थातले थोडे थोडे कालवून ते चारी दिशांनी उभ्या पिकात उधळतात. याला चरग म्हणतात. ज्या भूमीने दिले, तिला तिचे परत. कीडमुंगी, पाखरे यांचाही वाटा त्यातच आला. न्यू जर्सीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या दिवशीच्या रजेचा अर्ज लिहिताना सापडले.

आम्ही एकटेच गेलो नाही. सौभाग्यवतीही बरोबर होत्या. पिशवीत एक कागद होता : निपाणीच्या घराचा अर्धा भाग आक्काला देण्याच्या बक्षीसपत्राचा वकिलाकडून करून घेतलेला मसुदा. सौभाग्यवतींना आधी विचारले होते. त्या एवढेच म्हणाल्या, “मी या घरात आल्यापासून विचारीन विचारीन म्हणत होते.”

बांधावर जेवणे व्हायची होती. आम्ही घसा साफ केला. आजवर हजार सभांत आभार मानलेल्या आमच्या तोंडून शब्द फुटेना. कसेबसे म्हणालो, “आक्का, तू शाळा सोडलीस म्हणून मी शिकलो. हे मी तुला कधी बोललो नाही.”

आक्का भाकरीची चवड लावीत होती. “आज काय झालंय रं तुला? बरं वाटत न्हाई काय?”

मग आम्ही कागद काढला आणि वाचून दाखवला. आमची खात्री होती, खरे सांगायचे तर तयारीही होती, की ती डोळे पुसून ‘नको रे, भाऊ सुखात असला म्हणजे झालं’ असे काहीतरी म्हणेल. मग आम्ही आग्रह करू. इतकी वर्षे आम्ही जी आक्का मनात वागवली होती ती नक्की तसेच म्हणाली असती.

तिने हात पदराला पुसले आणि पुढे केला. “हौद, दे की इकडं. नातीला धारवाडच्या शेतकी कॉलेजात घालायचं हाय. हुशार हाय पोरगी.” मग थोडे थांबून, आमच्याकडे न पाहता, “पंचवीस वरसं मी वाट बघितलीच न्हाई असं न्हाई, बाबा.”

आम्ही काहीच बोललो नाही. काय बोलणार?

तिने कागद उलटसुलट करून पाहिला. “ह्याची नोंद कवा करायची? नुसत्या कागदाला घेऊन काय करू?” दाजींनी कानडीत काही विचारले, तिने कानडीत उत्तर दिले, त्यात आमचे नाव आले आणि दाजी आमच्याकडे पाहून नुसती मान हलवून उठले. जानेवारीतला सोमवार ठरला. कागद चौघडी करून तिने कनवटीला लावला.

मग दाजींनी चरगाची टोपली उचलली. आक्काने पाण्याची कळशी आमच्या हातात दिली आणि म्हणाली, “त्यांच्या मागनं शिंपत जा. सांडू नगंस, अन् पुढं जाऊ नगंस.” दाजी शाळूत शिरले, आणि आम्ही त्यांच्या मागून, ताटे बाजूला सारीत, पाणी शिंपीत चाललो.