माकडतापाचे औषध कुठे शोधायचे?

काजूचा हंगाम आला की दोडामार्ग-सावंतवाडी भागात माकडतापाची धास्ती असते. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडे मरू लागली, माणसेही तापाने फणफणली आणि १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात सापडलेला क्यासनूर जंगल आजार तळकोकणात पोचल्याचे स्पष्ट झाले. पुढे बांदा परिसरालाही त्याची झळ बसली. हा आजार मालवणच्या किनाऱ्यापेक्षा सह्याद्रीच्या पायथ्याचा. गोचीड चावते ती बागेत, पालापाचोळा गोळा करताना.

साधारण ३ ते ५ टक्के रुग्ण दगावतात. नेमके औषध आजही नाही. कर्नाटकात वर्षानुवर्षे दिलेली लस फारशी परिणामकारक न ठरल्याने थांबवावी लागली. नव्या लसीचे काम सुरू आहे.

औषधाची वाट मात्र विषाणूच्या आरएनएतून जाते. सुमारे ११ हजार अक्षरांचा हा एकच धागा. पेशीत शिरताच पेशीची यंत्रणा तो स्वतःचाच निरोप समजून वाचते आणि एक लांबलचक प्रथिन बनवते. त्याचे तुकडे होऊन दहा प्रथिने होतात. त्यातले एनएस५ आरएनएच्या नव्या प्रती काढते. एनएस५ आणि आरएनएची ही पकड सोडवता आली, तर विषाणूची वाढ खुंटेल.

या कुळाची आणखी एक चलाखी आहे. नकोसा आरएनए कुरतडणारे प्रथिन आपल्या पेशीत असते. विषाणूच्या आरएनएच्या शेवटाकडील गाठीशी ते अडते आणि एक तुकडा शिल्लक राहतो. डेंग्यूत हा तुकडा ट्रिम२५ या प्रथिनाला चिकटून पेशीची धोक्याची घंटाच बंद पाडतो, असे २०१५ मध्ये दिसून आले. माकडतापाचा विषाणू याच कुळातला.

जिवंत विषाणू हाताळायला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारखी अतिसुरक्षित प्रयोगशाळा लागते. पण एकटे एनएस५ किंवा आरएनएचा तुकडा संसर्ग करत नाही. त्यावर विद्यापीठाची साधी जीवरसायन प्रयोगशाळाही काम करू शकते. रुग्ण घटले तरी अशा कामाचा निधी आटू नये, एवढीच अट.

तोवर बागेत जाताना अंगभर कपडे घालावेत, गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करावी. मेलेले माकड दिसल्यास हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.