माणूस हजर, अर्ज बाद

परवा आमच्या टीममध्ये एका फॉर्मवरून जुंपली. युजरने टाकलेलं नाव कागदपत्रावरच्या नावाशी जुळलं नाही तर काय करायचं? एक जण म्हणाला, सरळ रिजेक्ट. दुसरी म्हणाली, अरे, चूक दाखव आणि दुरुस्त करायला एक संधी दे. अशा वादात मी एरवी चहा घ्यायला उठतो. या वेळी बसून राहिलो, कारण मला काकू आठवली.

डिसेंबर २०२०. ऑफिस घरून चालू, म्हणून मी गावी. राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या होत्या आणि आमचा वॉर्ड नागरिकांच्या मागास प्रवर्गातल्या महिलेसाठी राखीव होता. काकू उभी राहणार हे घरात ठरलं आणि 'कंप्युटरवाला' म्हणून अर्ज माझ्या गळ्यात पडला. वेबसाइट अशी रांगत होती की बोलायची सोय नाही. रात्री दोनला उठून भरावं तर पान अर्ध्यात लटकायचं. शेवटी राज्य निवडणूक आयोगाने कागदावर अर्ज घ्यायला परवानगी दिली आणि शेवटच्या दिवशी वेळही वाढवून दिली. माझी दोन रात्रींची इंजिनिअरिंग पाण्यात गेली :)

३१ तारखेला छाननी. समोरच्या पॅनेलच्या एका माणसाने हरकत घेतली. जातीचा दाखला काकूच्या माहेरच्या नावाचा, मतदार यादीत सासरचं नाव. या दोन्ही बायका एकच कशावरून? लग्न झालं त्या काळी आमच्याकडे कोण नोंदणी करत होतं! काकू टेबलासमोर उभी. म्हणाली, "साहेब, मीच की ती." मागे कुणीतरी हसलं. मामा पण आला होता, म्हणाला, ही माझी सख्खी बहीण. साहेब म्हणाले, कागद दाखवा.

साहेब वाईट नव्हते हो. टेबलावर गठ्ठ्यावर गठ्ठे, दोन्ही बाजूंनी आरडाओरडा. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर एक प्रतिज्ञापत्र जोडलं असतं तर कदाचित भागलं असतं, पण ते मला कुठे माहीत! अर्ज बाद झाला. काकाने वकिलाला फोन लावला. तो म्हणाला, निकाल लागू द्या, मग पंधरा दिवसांत दिवाणी कोर्टात जाता येईल. काका म्हणाला, "म्हणजे वरातीमागून घोडं." आम्ही कुठे गेलो नाही.

मला तेव्हा वाटलं होतं की ही गावपातळीवरची गफलत असणार, वरती काहीतरी बरं असेल. नंतर वाचत गेलो तसं कळलं की वरती तर हे तत्त्व म्हणूनच मान्य आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मद्रास राज्यातल्या नामक्कल मतदारसंघात पोन्नुस्वामी नावाच्या उमेदवाराचा अर्ज फेटाळला गेला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. जानेवारी १९५२ मध्ये कोर्टाने सांगितलं, घटनेच्या कलम ३२९ मुळे निवडणूक चालू असताना मध्ये येता येत नाही. निवडणूक म्हणजे फक्त मतदान नव्हे, अर्जापासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया. तक्रार असेल तर निकालानंतर निवडणूक याचिका करा. कारणही पटण्यासारखं आहे. प्रत्येक बाद अर्ज कोर्टात जायला लागला तर विधानसभा वेळेवर बसायचीच नाही.

गंमत पुढे आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार एखादा अर्ज चुकीचा फेटाळला गेला असं सिद्ध झालं, तर ती निवडणूकच रद्द होते. तो उमेदवार जिंकला असता की डिपॉझिट गमावलं असतं, हा प्रश्नच नाही. उलट चुकीचा अर्ज स्वीकारला गेला असेल तर त्यामुळे निकालावर परिणाम झाला हे दाखवावं लागतं. म्हणजे दोन चुकांमधली जास्त वाईट कुठली, हे कायद्याला पक्कं ठाऊक आहे. शिवाय किरकोळ दोषावरून अर्ज फेटाळू नका असंही त्यात लिहिलंय. पण औषध केव्हा मिळणार? निकालानंतर ४५ दिवसांत याचिका करायची. ती सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, आणि प्रत्यक्षात अनेकदा वर्षं जातात.

२०२४ चं रामटेक घ्या. अनुसूचित जातीसाठी राखीव मतदारसंघ, काँग्रेसच्या उमेदवार रश्मी बर्वे, आधी नागपूर जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष राहिलेल्या. २८ मार्चला छाननी, आणि त्याच दिवशी जात पडताळणी समितीने त्यांचं वैधता प्रमाणपत्र रद्द केलं. पात्रता बघायची ती छाननीच्या दिवसाची, त्यामुळे अर्ज बाद. एप्रिलमध्ये हायकोर्टाने समितीच्या आदेशाला स्थगिती दिली, पण निवडणूक लढवायची परवानगी काही मिळाली नाही. सप्टेंबरमध्ये, म्हणजे निकाल लागून तीन महिने उलटल्यावर, हायकोर्टाने तो आदेशच रद्द केला आणि समितीला १ लाखाचा भुर्दंड बसवला. मधल्या काळात पर्यायी उमेदवार म्हणून त्यांचे पती श्यामकुमार बर्वे खासदार झाले होते. आता विचार करा, या बाईंनी निवडणूक याचिका केली असती तर कोणाची खासदारकी रद्द करा म्हणून मागणी करावी लागली असती?

आमच्याकडे रिलीजच्या आधी कोड फ्रीझ असतो. त्यानंतर मॅनेजर जरी आला तरी डेटाला हात लावू देत नाही. छाननीच्या दिवशी प्रमाणपत्र रद्द करणं म्हणजे रिलीजच्या सकाळी टेबलच उडवण्यासारखं आहे. माझं म्हणणं असं की निवडणूक जाहीर झाली त्या दिवशी जो दाखला वैध आहे, तो निकालापर्यंत वैध धरावा.

मित्र म्हणतो, मग खोट्या दाखल्यावर कोणी निवडून आला तर? प्रश्न रास्त आहे. राखीव जागा ज्यांच्या हक्काची आहे, त्यांची फसवणूक हा काही तांत्रिक दोष नव्हे. अमरावतीच्या नवनीत राणा २०१९ मध्ये निवडून आल्या, २०२१ मध्ये हायकोर्टाने त्यांचा दाखला रद्द केला, लगेच सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली आणि एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने दाखला योग्य ठरवला. खासदारकीची पाच वर्षं संपत आली होती. हा उशीर मला मुळीच मान्य नाही. पण चुकून आत आलेल्याला नंतर बाहेर काढता तरी येतं. चुकून बाहेर राहिलेल्याला ते मतदान परत कसं देणार?

अपिलाची सोय असलेल्या निवडणुकाही आहेत. नगर परिषदांच्या नियमांत छाननीच्या निर्णयावर जिल्हा न्यायालयात जाता येतं. २०२५ च्या शेवटी काय झालं ते आपण पाहिलं. काही ठिकाणच्या अपिलांचे निकाल उशिरा आले, माघारीला पुरेशी मुदत उरली नाही, म्हणून तिथलं २ डिसेंबरचं मतदान २० डिसेंबरवर गेलं. मग हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सगळीकडचीच मोजणी २१ ला करायला लावली. ज्यांनी २ तारखेला मत दिलं त्यांची यंत्रं एकोणीस दिवस कडीकुलपात! तेव्हा बरेच जण म्हणाले, बघा, ही अपिलं म्हणजे नसती डोकेदुखी. मला उलट वाटतं. अपील आहे हे बरोबरच आहे, वेळापत्रकात त्याला जागा ठेवली नव्हती हा घोळ. छाननीनंतर चार दिवस राखून ठेवा, त्यात निकाल लागलाच पाहिजे असं ठरवा, आणि लोकसभा-विधानसभेलाही तेच लावा. त्यासाठी कायदा बदलावा लागेल, कदाचित घटनाही. बदला मग.

असो. काकूने नंतर दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं, राजपत्रातही नाव छापून आणलं आणि दोन्हींना प्लॅस्टिकचं आवरण घालून ट्रंकेत पैठणीखाली ठेवलंय. मी म्हटलं, "काकू, आरक्षण फिरतं गं, पुढच्या वेळी आपला वॉर्ड या प्रवर्गात असेलच असं नाही."

"नसू दे," ती म्हणाली. "कुणी विचारलंच तर मी कोण ते दाखवायला कागद आहे आता."